आडवा हात आणि एक बोट

वाळूज रस्त्यावरच्या एका गॅरेजात, ऑइलने काळ्या पडलेल्या लाकडी टेबलावर, एक तुटलेला तुकडा पडला होता. बुलेटच्या लांब केलेल्या चिमट्याचा, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचा, जोड. वरचा पाईप, खालचा पाईप आणि दोघांना आतून धरणारा आटे पाडलेला स्टड, तो बरोबर आट्याच्या मुळाशी तुटलेला. गाडी बीडकडून येत होती. स्पीडब्रेकरवर पोराने वेग कमी केला होता म्हणून खांद्यावर निभावलं. मोडतोड गॅरेजमध्ये रोजचीच, तिच्याकडे कुणी वळून पाहत नाही. या तुकड्यात मात्र नजर अडकली ती तुटलेल्या तोंडावर. एका बाजूने अर्धचंद्राएवढा भाग गुळगुळीत आणि तांबूस-काळा होता, त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा बारीक वळ्या होत्या. उरलेला भाग पांढरा, खडबडीत, साखरेच्या खड्यासारखा चमकणारा. मिस्त्रींनी तुकडा उजेडाकडे धरला, काळ्या भागावरून नख फिरवलं आणि म्हणाले, “हे आज नाही तुटलं भाऊ. दिवाळीपासून तुटायलं होतं.”

आज तुटला तो फक्त पांढरा भाग.

काळ्या भागात गंज धरायला वेळ मिळाला होता. म्हणजे तडा पडून कितीतरी दिवस झाले होते. रोज थोडा आत सरकत होता, आणि रोज त्यावरून गाडी चालत होती, कधी मागे कुणाला बसवूनसुद्धा. हँडल सरळ, आवाज खणखणीत, क्रोम लखलखीत. ही गोष्ट मनातून जात नाही. लांब चिमट्याची गाडी दिसली की आधी तिच्या देखणेपणाकडे नजर जाते आणि लगेच खालच्या टीच्या, म्हणजे दोन्ही पाईपांना आडवं धरणाऱ्या खालच्या पट्टीच्या खाली, जिथे जोड असू शकतो, तिथे.

देखणी असते ती, हे आधी कबूल करायला हवं. पुढचं चाक दूर गेलेलं, टाकीपासून आसापर्यंत एक तिरकी रेघ, आणि मागे बसलेला माणूस हात लांबवून तिच्या टोकाला धरून चाललेला. बैलगाडीची दांडी जूच्या पुढे जाते तेव्हा तिच्यात असाच एक डौल असतो. स्वीडनमध्ये लांब चिमट्यांची मोठी परंपरा आहे, अमेरिकेत साठ-सत्तरच्या दशकांत ही हौस घराघराच्या शेडमध्ये पोचली होती. आपल्याकडे ती आली जुन्या बुलेटच्या पाठीवर बसून. आणि इथे तिला लेथ सापडला. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याच्या भोवती सुटे भाग करणारी शेडं वाढत गेली, आणि आज ईएन-८, ईएन-१९, ईएन-२४ ही पोलादांची नावं इथल्या टर्नरच्या तोंडात बाजारभावासारखी असतात. मायक्रॉनमध्ये काम करणारे हात पाच किलोमीटरवर असताना कुणी चिमट्याचा जोड साध्या माइल्ड स्टीलच्या बारमधून करून घेतो, याचं वाईट वाटतं.

लांबी वाढवली की काय काय बदलतं, ते आधी कोनातून पाहावं लागतं. हँडलचा दांडा ज्या हेड पाईपमध्ये फिरतो, त्या गळ्याचा उभ्या रेषेशी होणारा कोन म्हणजे रेक. साध्या गाड्यांना तो २५ ते २८ अंशांच्या दरम्यान असतो. गळ्याची रेषा तशीच खाली जमिनीपर्यंत नेली तर ती टायर जमिनीला टेकतो त्या बिंदूच्या पुढे पडते. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. दवाखान्यातल्या स्ट्रेचरचं चाक ढकललं की आपोआप मागे वळून सरळ चालायला लागतं, ते याच अंतरामुळे. ट्रेल आहे म्हणून हात सैल सोडला तरी मोटरसायकल सरळ जाते. हिशोब सोपा आहे: चाकाची त्रिज्या गुणिले कोनाची साइन, त्यातून टीचा ऑफसेट (पाईप गळ्याच्या रेषेच्या जेवढे पुढे असतात ते अंतर) वजा, आणि आलेल्या उत्तराला कोनाच्या कोसाइनने भागायचं. १९ इंची चाकाची टायरसकट त्रिज्या ३२० मिमी, टीचा ऑफसेट ६० मिमी आणि रेक २७ अंश धरला तर ट्रेल ९६ मिमी येतो. अंगठ्यासकट आडवा हात जमिनीवर ठेवला तर साधारण तेवढाच भरतो.

आता गळ्याला हात न लावता चिमटा २५० मिमीने, म्हणजे १० इंचांनी लांब करा. त्या पोराच्या गाडीला तेवढाच केला होता. गाडी मागच्या आसावर मागे कलते. व्हीलबेस, म्हणजे दोन्ही आसांमधलं अंतर, १४०० मिमी असेल तर गळ्याचा कोन आठ अंशांहून जास्त झुकतो आणि २७ चा ३५.४ होतो. व्हीलबेस १५३० च्या आसपास जातो, ट्रेल १५४ मिमी. मोकळ्या हायवेवर अशी गाडी रुळावरून चालल्यासारखी सरळ जाते आणि मालकाला वाटतं, काम झकास झालं. खरी कसोटी हळू चालताना लागते. कोन आणि ट्रेल दोन्ही वाढले की हँडल जरा वळवताच गाडीचं नाक खाली उतरतं, आणि ते वजन हँडलला आणखी त्याच बाजूला ओढतं. गुलमंडीच्या गर्दीत, नाहीतर बाजाराच्या दिवशी गावातल्या बोळात, मनगटांनी दोन्हीकडून हँडल धरून ठेवावं लागतं. यू-टर्नला आणखी एक अडचण. हँडल जेवढं फिरतं तेवढं चाक जमिनीवर फिरत नाही. २७ अंशांच्या रेकला हँडलच्या दहा अंशांमागे चाकाला नऊच्या आसपास मिळतात, ३५ ला आठच. व्हीलबेस लांब ते वेगळंच.

गाडी मागे कलली की तिच्या अंगाखांद्यावरचं सगळंच कलतं. हेडलाइट आभाळाकडे पाहायला लागतो, रात्री समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपला खड्डा अंधारात राहतो. कार्ब्युरेटरच्या फ्लोटची पातळी बदलते, मिक्श्चर बिघडतं, आणि दोष प्लगवर जातो. साइड स्टँड तोकडा पडतो, त्याखाली वीट शोधावी लागते. ऑइलची पातळी काडीवर खोटी दिसते. क्लच, ॲक्सिलरेटर आणि पुढच्या ब्रेकच्या केबली मूळ मापाच्याच ठेवल्या तर हँडल पूर्ण वळवताना ॲक्सिलरेटरची केबल ताणते आणि इंजिन आपोआप रेस होतं. चौकात वळताना गाडी पुढे झेपावते ती यामुळे. नव्या केबली घालून, गाडी स्टँडवर चालू ठेवून, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. इंजिनचा आवाज तसूभरही बदलता कामा नये.

पण हे सगळं झालं चालीचं. स्टडवरचा तो काळा अर्धचंद्र ताकदीचा आहे.

चिमट्याचा पाईप खालच्या टीत घट्ट धरलेला असतो आणि तिथून खाली मोकळा लोंबतो. भिंतीतून बाहेर आलेल्या गजासारखा. टोकाला जोर लावला की गज भिंतीपाशी वाकतो, म्हणून सगळ्यात जास्त ताण खालच्या टीच्या तोंडाशी. चाकावरचं वजन उभं वर येतं, पण पाईप तिरका असतो, त्यामुळे वजनाचा काही भाग पाईपला आडवा वाकवतो. मूळ गाडीत माणसासकट पुढच्या चाकावर ११० किलो धरले तर २७ अंशांना त्यातले ५० किलो वाकवण्यात जातात. टीपासून आसापर्यंत अर्धा मीटर धरला तर टीपाशी २५ किलोग्रॅम-मीटरचा वाक येतो. लांब केलेल्या गाडीत वजन थोडं मागे सरकतं, १०० किलो धरू. ३५.४ अंशांना त्यातले ५८ किलो आडवे, आणि टीपासून आसापर्यंत पाऊण मीटर. वाक ४३.५ किलोग्रॅम-मीटर, जवळजवळ पावणेदोन पट. हे गाडी उभी असताना. खड्ड्यात ते तिप्पट झालं असं मानलं, आणि ३५ मिमी व्यासाचा, ४ मिमी जाडीचा पाईप घेतला, तर दोन पाईपांत वाटूनही टीपाशी दर चौरस मिलिमीटरला २४ किलो ताण बसतो. साधं माइल्ड स्टील २५ किलोच्या आसपास कायमचं वाकतं. म्हणजे फर्निचरवाल्याकडचा शिवणीचा काळा पाईप आणून क्रोम मारला, तर तो पहिल्याच मोठ्या खड्ड्यापर्यंत काठावर उभा असतो.

लवचीकपणाचा हिशोब त्याहून कडक आहे, कारण तिथे लांबीचा घन लागतो. वरच्याच आकड्यांनी मूळ चिमटा टोकाशी एक मिमी लवतो, लांब केलेला चार. पाईप ४१ मिमीचा घेतला, जाडी तीच, तर चाराचे अडीचच्याही खाली येतात. व्यास सहा मिमीने वाढवल्याचा एवढा फायदा होतो. पाईप सतत लवत राहिला की तो बुशांमध्ये, म्हणजे ज्या कड्यांतून सरकतो त्यांत, तिरका दाबला जातो आणि सरकत नाही. शॉकअप आहे, स्प्रिंग आहे, ऑइल आहे, पण धक्का आला की सरकण्याऐवजी पाईप वाकतो आणि परत सरळ होतो. चालवणाऱ्याला वाटतं शॉकअप कडक झाले. मग तो पातळ ऑइल टाकून घेतो, आणि रोग तसाच राहतो. प्रत्येक वाकण्याची नोंद पोलाद ठेवत जातं.

लांबी वाढवायच्या रीती तीन. पहिली आणि खरी, अखंड लांब पाईप. सीमलेस, ईएन-१९ सारख्या पोलादाचा, वर हार्ड क्रोम आणि त्यावर ग्राइंडिंग. कडक पोलादावर क्रोम चढताना आत हायड्रोजन शिरतो आणि पोलाद ठिसूळ होतं, म्हणून प्लेटिंगनंतर लगेच १९०-२०० अंशांवर काही तास भट्टीत ठेवायला सांगावं. न सांगता हे बहुधा होत नाही. दुसरी रीत, पाईप कापून मध्ये तुकडा वेल्ड करणे. ती सोडूनच द्यावी. वेल्डच्या शेजारची पट्टी ठिसूळ होते, क्रोमवर वेल्ड मारला तर निघणारा धूर विषारी असतो, आणि पाईप कितीही घासला तरी सरळपणा जातो. तिसरी, आट्यांच्या स्टडने वर जोड देणे. ही स्वस्त आणि लोकप्रिय रीत, आणि टेबलावरचा तुकडा तिचाच.

या रीतीत घात होतो तो जोड कुठे येतो यावर. दोन टींमधलं अंतर साधारण १९० मिमी असतं. मूळ पाईपचं वरचं टोक वरच्या टीत असतं. चार इंचांचा जोड दिला तर सांधा दोन टींच्या मध्ये राहतो. तिथे वाक वर जाता जाता कमी होत गेलेला असतो. सहा इंचांना सांधा खालच्या टीच्या दोन बोटं वर येऊन टेकतो. दहा इंचांना तो खालच्या टीच्याही ६० मिमी खाली उघड्यावर येतो, जिथे वाक जवळजवळ सर्वांत जास्त. त्यात आटे पाडल्यावर स्टडच्या मुळाशी उरतो २४ मिमीचा गज. भरीव असला तरी ३५ च्या पाईपच्या निम्माच वाक सोसतो. दोन पाईपांची तोंडं काटकोनात टर्न केलेली असतील, एकमेकांवर करकचून बसली असतील, तर पाईपांच्या कडाच बराचसा भार घेतात आणि स्टड सुखरूप राहतो. तोंड जरा तिरकं असलं, वा जोड अर्ध्या आट्याने सैल झाला, की सगळा वाक स्टडवर. पहिल्या आट्याच्या टोकदार खाचेत तडा जन्मतो आणि खड्ड्याखड्ड्याला एक वळी आत सरकतो. त्या तोंडावरच्या शिंपल्यासारख्या वळ्या म्हणजे त्याचा प्रवास.

मराठवाड्यातले रस्ते या प्रवासाला मदत करतात. खाली काळी रेगड. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते, आणि तिच्यावरचं डांबर लाटेसारखं वरखाली होतं. खड्डा दिसतो, लाट दिसत नाही. परभणीकडे किंवा माजलगावकडे जाताना साठच्या वेगाने ती लाट लांब चिमट्याच्या गाडीला एका ठेक्यात उचलत राहते, आणि त्या ठेक्यात पाईप लवत राहतो. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांनी कडा खचवलेल्या असतात. मांजरसुंब्याच्या घाटात उतारावर ब्रेक लावला की जोर उलट्या दिशेने, चाक मागे ढकलणारा. वजन पुढे वाकवतं, ब्रेक मागे. तार दोन्हीकडे वाकवून तोडतात, तसंच.

लांबी हवीच असेल तर गळ्याचा विचार टाळता येत नाही. गाडी सपाट ठेवून कोन वाढवायचा म्हणजे गळा कापून फ्रेम जिगवर, म्हणजे माप धरून ठेवणाऱ्या साच्यावर, नव्याने जोडायची, आणि जुन्या बुलेटमध्ये इंजिन हाच फ्रेमचा खालचा भाग असल्याने हे काम इंजिन बसवूनच तपासावं लागतं. कोन ४० अंशांवर नेला तर त्याच चाकाला आणि त्याच टीला ट्रेल १९० मिमी, म्हणजे दुप्पट. तो परत आणायला तिरक्या भोकांची टी वापरतात, जिच्यात पाईप गळ्याच्या रेषेपेक्षा आणखी पुढे झुकतो. पाच अंशांची टी, टीपासून आसापर्यंत ८०० मिमी, की ट्रेल पुन्हा १०० च्या आसपास. कारखान्यांनीही हेच केलं. होंडाने २०१० च्या मॉडेलपासून आणलेल्या फ्युरीत गळा ३२ अंशांवर आणि टी धरून चिमटा ३८ वर आहे, ट्रेल मात्र ९० मिमीच्या आसपास, पाईप ४५ मिमीचे. दिसायला लांबलचक, हातात साध्या गाडीसारखी.

हीच तिरकी टी चुकीच्या गाडीला लागली की जीव घेते. कुणीतरी ती ऑनलाइन मागवतो, गळा मूळ २७ अंशांचा, चिमटाही मूळ लांबीचा, आणि दिसायला छान म्हणून बसवतो. ट्रेल ९६ वरून ४७ च्या आसपास येतो. पुढून गाडी थोडी खाली बसते म्हणून त्याहूनही कमी. गल्लीत हँडल लोण्यासारखं हलकं वाटतं. मालक खूश. सत्तर-ऐंशीच्या वेगाला तेच हँडल फडफडायला लागतं आणि हातात थांबत नाही. तिरकी टी ही फक्त जास्तीचा ट्रेल काढून घ्यायला आहे. जास्तीचा असेल तरच.

कायद्याची बाजू थोडक्यात: व्हीलबेस आरसीवर लिहिलेला असतो, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मापात बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पक्कं केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही आहे. प्रदर्शनात उभी करायची गाडी आणि रोज रस्त्यावर न्यायची गाडी हे दोन वेगळे निर्णय आहेत. गॅरेजवाल्याने ते पोराला पैसे घेण्याआधी सांगायला हवं. बहुतेक जण सांगत नाहीत, आणि हा राग खरा आहे.

आधीच लांब केलेली गाडी हातात आली तर काय पाहायचं, तेही त्या दिवशी टेबलाशी झालं. पुढचा चिमटा पूर्ण उतरवायचा. पाईप व्ही-ब्लॉकवर (खाच असलेल्या ठोकळ्यांवर) ठेवून त्याला काट्याचा डायल गेज लावायचा आणि पाईप हळू फिरवायचा. काटा ०.२ मिमीपेक्षा जास्त हलला तर पाईप आउट. सांधा असेल तर तो सोडून स्टड धुवायचा, त्यावर डीपी टेस्टचा लाल स्प्रे मारायचा, दहा मिनिटांनी पुसून पांढरा मारायचा. तडा असेल तर पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटते. डोळ्याला एरवी दिसतच नाही ती. आत स्प्रिंगवर जोडाएवढ्या लांबीचा स्पेसर आहे का, की कुणी नुसतं जास्त ऑइल ओतून पोकळी भरली आहे, ते पाहायचं. जास्त ऑइलने सील फुटतं आणि ते ऑइल ब्रेकच्या ड्रमपर्यंत पोचतं. शेवटी कोनसेट, म्हणजे गळ्यातली बेअरिंग: चाक उचलून हँडल मध्यातून हळू सोडायचं. कुठे अडकल्यासारखं झालं तर वाट्यांना खड्डे पडलेत.

मिस्त्रींनी पोराच्या गाडीला दुसरा चिमटा बांधला. १० इंच नाही. मूळपेक्षा १०० मिमी लांब, अखंड पाईप, ४१ चा, त्याच्या मापाची नवी टी, ऑफसेट तोच ६०. पोराने त्यासाठी बरीच हुज्जत घातली. लांबी कमी झाली याचं दुःख त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि ते दुःख खोटं नव्हतं. चार इंच आणि दहा इंच यांत डोळ्याला पडणारा फरक मोठा आहे. मिस्त्री वाद घालत बसले नाहीत. गाडी शहाबादी फरशीवर दोन्ही चाकांवर सरळ उभी केली, वर पोराला बसवलं, एका हाताने आसाच्या मध्यातून गवंड्याचा ओळंबा सोडला आणि दोरा थांबायची वाट पाहिली. टोकाखाली खडूने खूण केली. मग गळ्याच्या रेषेला सरळ पट्टी लावून, ती जिथे फरशीला टेकली तिथे दुसरी खूण. मेजरटेपवर ११९ आलं.

“उतर आता,” ते म्हणाले.

पोरगा खाली बसला. दोन खुणांच्या मध्ये त्याने अंगठ्यासकट हात आडवा ठेवला. थोडी जागा उरली. तिथे दुसऱ्या हाताचं एक बोट लावलं, ते बसलं. टेबलावरचा तुटलेला स्टड त्याने जाताना मागून घेतला आणि काळी बाजू आत येईल असा रुमालात गुंडाळून खिशात टाकला.